तीस गुणांची बेरीज आणि मुलांचे कान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवी हाती आल्यानंतरही डॉक्टरने शिकत राहावे, यासाठी आपल्याकडे नियम आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरला दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त शैक्षणिक कार्यक्रमांना हजर राहून ३० गुण जमवावे लागतात. देशपातळीवरच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांतही ५ वर्षांत ३० तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा नोंदवलेली आहे. नियम चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. परंतु या ३० तासांत डॉक्टर काय ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दवाखान्याच्या बाकावर कोण येऊन बसते, यांचा मेळ बसत नाही. लहान मुलांच्या कान-नाक-घशाच्या आजारांत हा बेमेळ मला रोज दिसतो, म्हणून हे पत्र. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २४ वर्षे कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करत आहे.

एक प्रसंग सांगते. अडीच वर्षांची एक मुलगी तीन आठवड्यांच्या खोकल्यासाठी माझ्याकडे आणली गेली. तोवर तिला बाळदमा म्हणून दोन वेळा वाफारा, नंतर न्यूमोनिया म्हणून पाच दिवस इंजेक्शने, असे सगळे होऊन गेले होते. औषध चालू असेपर्यंत बरे, बंद केले की पुन्हा तेच. छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा उजवीकडे हवा कमी जात होती. आईला विचारले, हे सुरू होण्याआधी कधी जोराचा ठसका लागला होता का? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “लागला होता की. आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, तिनं दाणे तोंडात टाकले अन् पळाली. निळी पडली होती जरा. पाठीत थापट्या मारल्या, मग झाली बरी.” जिल्ह्याच्या ठिकाणी भूल देऊन दुर्बिणीने तपासले तेव्हा उजव्या श्वासनलिकेत अडकलेला, फुगून मऊ झालेला अर्धा शेंगदाणा निघाला.

ज्यांनी आधी उपचार केले ते डॉक्टर निष्काळजी नव्हते. ठसक्यानंतर काही काळ मूल अगदी ठीक दिसते, आणि हीच या प्रकारातली फसगत आहे. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही, पहिला फोटो तर पुष्कळदा साफच येतो, आणि मग सगळ्यांचे लक्ष खोकल्याकडे जाते, ठसक्याकडे जात नाही. “ठसका लागला होता का?” हा चार शब्दांचा प्रश्न त्या डॉक्टरांच्या तोंडात बसलेला नव्हता, एवढेच. त्यांचे ३० गुण मात्र पूर्ण होते. चौकशी केली तेव्हा त्यांनीच हसत सांगितले की, त्यांतले बहुतेक मधुमेह, रक्तदाब आणि गुडघ्याच्या सांधेबदलावरच्या व्याख्यानांचे होते.

आपल्या भागात शेंगदाणा घरोघरी आहे. खिचडीत आहे, चटणीत आहे, चिक्कीत आहे आणि पोराने रडू नये म्हणून त्याच्या मुठीतही आहे. श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये आपल्याकडे तोच सर्वांत वर आहे. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये, कूट करून द्यावे, हे सांगणारा माणूस बालवाडीच्या ताईपासून गावातल्या डॉक्टरपर्यंत कुणीही असू शकतो. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. पण ते सांगायचे असते, हे कुणीतरी शिकवावे लागते.

आता कार्यक्रमांचे स्वरूप पाहू. मी अशा कितीतरी कार्यक्रमांना श्रोता म्हणून आणि काहींना वक्ता म्हणून गेले आहे, त्यामुळे दोषाचा काही वाटा माझ्याही पदरात येतो. शहरातल्या हॉटेलचे सभागृह, रविवारची सकाळ, दाराशी नोंदणी, पडद्यावर सरकणाऱ्या स्लाइड. विषय कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे आतल्या कानात बसवायच्या श्रवणयंत्राची, नवी तंत्रे, नाहीतर अॅडेनॉइड ही नाकामागची गाठ काढण्यासाठी कोब्लेशनचे उपकरण चांगले की मायक्रोडिब्रायडरचे. शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी हे विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. मात्र सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मुलाच्या कानाचा पडदा स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिलेला नसतो. दुपारचे जेवण झाले की खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. कौन्सिलचे निरीक्षक हजेरी तपासतात. मुलाला मांडीवर कसे धरायचे हे कुणाला आले का, ते तपासण्याची सोय त्यांच्याकडे नाही.

विषय निवडतो कोण, हाही प्रश्न आहे. कार्यक्रमाचा खर्च औषध किंवा उपकरण विकणारा उचलत असेल, तर ज्यात विकण्याजोगे काही आहे तोच विषय पुढे येतो. केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विपणनासाठी समान संहिता आणली आणि डॉक्टरांना भेटवस्तू व प्रवासखर्च देण्यावर बंधने घातली, ते योग्यच झाले. पण “पहिले तीन महिने वाट पाहा, औषध देऊ नका” हे ज्या आजारात शिकवायचे आहे, त्या आजारावरच्या व्याख्यानाला पैसे कोण देणार?

तो आजार म्हणजे कानाच्या पडद्यामागे साचणारे पाणी. मुलांमध्ये घशाची मागची बाजू आणि मधला कान यांना जोडणारी नळी आखूड असते आणि मोठ्यांसारखी तिरपी नसून बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली, नाकामागची अॅडेनॉइडची गाठ वाढली की ही नळी नीट काम करत नाही आणि मधल्या कानात पाणी साचते. ताप नाही, ठणका नाही, कान वाहतही नाही. फक्त मुलाला थोडे कमी ऐकू येते. साधारण २० ते ३० डेसिबल, म्हणजे आपण दोन बोटे कानात घालून बसलो तर जसे ऐकू येईल तसे. ते मूल हाका मारल्या की वळत नाही, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते, वर्गात मागच्या बाकावर असेल तर फळ्यावरचे उतरवते आणि बाईंनी तोंडी सांगितलेले सोडून देते. मराठीत “ऐकत नाही” या शब्दांचे दोन अर्थ होतात, आणि या मुलांच्या वाट्याला नेहमी दुसराच येतो. “डॉक्टर, हा अजिबात ऐकत नाही” असे म्हणत आई त्याला पुढे ढकलते, तेव्हा ती त्याच्या हट्टीपणाची तक्रार करत असते.

अशा मुलाचा पडदा ओटोस्कोपमधून, म्हणजे कानात पाहायच्या दिव्याच्या दुर्बिणीतून, पाहिला तर तो नेहमीचा मोतिया, चमकदार दिसत नाही. मंद, पिवळसर, पातळ मधासारखा दिसतो आणि कधी त्यामागे हवेचे दोन-तीन बुडबुडे स्पष्ट दिसतात. एकदा पाहिलेला असा पडदा माणूस विसरत नाही. बहुतेक मुलांमध्ये हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. ना प्रतिजैविक लागते, ना सर्दीच्या गोळ्या. लागते ती तीन महिन्यांनंतरची दुसरी तपासणी आणि तरीही पाणी असेल तर श्रवणचाचणी. मग पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीक नळी, बसवायची की गाठ काढायची, याचा विचार पुढे. म्हणजे पहिल्या भेटीत डॉक्टरने करायचे काम असते ते पाहण्याचे आणि पुन्हा बोलावण्याचे. प्रत्यक्षात त्या पहिल्या भेटीत कानात कुणी डोकावतच नाही, चिठ्ठीवर मात्र तीन औषधे येतात.

ठणकणाऱ्या कानाचेही तसेच. दोन वर्षांवरच्या मुलाचा एकच कान दुखतो आहे, ताप फारसा नाही, मूल एरवी खेळते आहे, तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास लक्ष ठेवणे आणि सुधारणा नसल्यास अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक सुरू करणे, ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. यावर आमच्याकडचे डॉक्टर एक रास्त आक्षेप घेतात: बारा किलोमीटरवरच्या वाडीतली बाई दोन दिवसांनी एसटीने परत येणार का? या आक्षेपाचे उत्तर परदेशी मार्गदर्शिकेत मिळत नाही. ते इथेच, आमच्यासारख्यांनी एकत्र बसून, फोनवर विचारपूस करायची की औषधाची चिठ्ठी “परवा दुखले तरच घ्या” असे बजावून द्यायची, असे ठरवावे लागते. मला वाटते, निरंतर शिक्षण म्हणून जे काही असेल ते अशा बैठकीतच होते.

वाहणाऱ्या कानाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यात आम्ही सर्वांत जास्त मुले गमावतो. जिवाने क्वचित, कानाने पुष्कळ. “लहानपणी सगळ्यांचेच कान फुटतात, मोठेपणी बंद होतात” हे वाक्य मी शिकल्यासवरल्या घरांतूनही ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीनुसार लोकसंख्येच्या ४ टक्क्यांहून अधिक लोकांचे कान जुनाट वाहत असतील तर तो तातडीने हाताळायचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो, आणि संघटनेच्या २००४ च्या अहवालात आपला देश याच गटात आहे. बालआजारांच्या एकात्मिक उपचारपद्धतीत आपल्या आरोग्यसेविकांना एक साधा नियम शिकवलेला असतो: १४ दिवसांपेक्षा कमी दिवस वाहत असेल तर तीव्र, त्याहून अधिक असेल तर जुनाट. जुनाट वाहणाऱ्या कानाला पोटात घेण्याच्या औषधांचा फारसा उपयोग नसतो. स्वच्छ सुती कापडाची वात करून कान दिवसातून तीन-चार वेळा कोरडा करायचा आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातले थेंब घालायचे, हा खरा उपचार. त्याऐवजी घरात कोमट तेल पडते, लसूण कढवलेले तेल पडते, बाजारात रस्त्यावर बसलेला कान साफ करणारा काडी घालतो आणि दवाखान्यातून जेंटामायसिनचे थेंब दिले जातात, जे पडद्याला भोक असताना आतल्या कानाला अपाय करू शकतात. तेलाच्या बाबतीत आपण फक्त आज्यांना दोष देतो. थेंबांची चिठ्ठी मात्र आज्या लिहीत नाहीत.

आणि वास. थोडासा, पण दुर्गंधी येणारा स्राव आणि पडद्याच्या वरच्या भागात पांढुरके पापुद्रे दिसले, तर ते कोलेस्टिएटोमाचे, म्हणजे मधल्या कानात वाढणाऱ्या त्वचेच्या गाठीचे, लक्षण असू शकते. हा कर्करोग नव्हे, पण हाड कुरतडत जातो. चेहऱ्याची नस, आतला कान, पुढे मेंदूपर्यंत. त्याला थेंबांनी काही होत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. साधा वाहणारा कान आणि हा कान यांतला फरक ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. चांगला उजेड, काही हजारांत मिळणारा ओटोस्कोप आणि आधी पाहिलेल्या पाच-दहा पडद्यांची आठवण एवढे पुरते. ती आठवण स्लाइडवरून येत नाही.

यापुढे मूळ अडचण येते. खेड्यातल्या मुलाचा कान पहिल्यांदा पाहतो तो बहुतेक वेळा एमबीबीएस डॉक्टरही नसतो. तो आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो आणि त्याची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे असते. कुणी कोणती औषधे लिहावीत यावर राज्यात जो वाद चालू आहे, त्यात मी या पत्रात शिरत नाही. मूल तर आजच त्याच्यासमोर बसलेले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन तपासणी करायची, अशी ही योजना आहे, आणि तिच्या ३० आजारांच्या यादीत मधल्या कानाचा दाह आहे, श्रवणदोष आहे, फाटलेला ओठ आणि टाळूही आहे. तपासणी करणाऱ्या फिरत्या पथकांत आयुष, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथी आदी शाखांचे, दोन डॉक्टर असतात. म्हणजे राज्यातल्या सर्वांत जास्त मुलांच्या कानांसमोर शासनाने ज्यांना उभे केले आहे, त्यांनाच आमच्या सभागृहांत जागा नाही. कर्णबधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे, त्यातही प्रशिक्षणाची तरतूद आहे. कागदावर काही कमी नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही काही जणांनी एक शनिवार असा घालवला. व्याख्यान अर्धा तास, बाकी वेळ मुले. पथकातले डॉक्टर, गावातले सात-आठ खासगी डॉक्टर आणि दोन आरोग्यसेविका होत्या. सुरुवात झाली ती मूल धरण्यापासून. आईने मुलाला मांडीवर आडवे बसवायचे, एका हाताने त्याचे दोन्ही हात कवेत घ्यायचे, दुसऱ्या हाताने त्याचे डोके आपल्या छातीशी धरायचे, पाय आपल्या गुडघ्यांत. मग मोठ्यांची कानाची पाळी वर आणि मागे ओढतात, तान्ह्याची खाली आणि मागे, एवढे ध्यानात ठेवून आणि ओटोस्कोप धरलेल्या हाताची करंगळी मुलाच्या गालावर टेकवून आत पाहायचे. म्हणजे मूल हलले तरी हात त्याच्याबरोबर हलतो आणि कानाला इजा होत नाही. पंधरा वर्षे व्यवसाय केलेले एक वैद्य एका चार वर्षांच्या मुलाच्या कानात बराच वेळ पाहत राहिले आणि मान वर करून म्हणाले, “बुडबुडा हलला, मॅडम.” त्यांनी त्यानंतरच्या वर्षभरात माझ्याकडे नऊ मुले पाठवली, आणि त्यांपैकी सात जणांचे निदान चिठ्ठीवर बरोबर लिहिलेले होते. या शनिवाराचा गुण कुणालाच मिळाला नाही, कारण अर्ज, शुल्क आणि मान्यता यांच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही.

काही गोष्टी तर इतक्या थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत की, त्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक नसाव्यात याचे नवल वाटते. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे असेच धरून चालावे. चिंचोका, खडू, फोमचा तुकडा, काहीही. मात्र ते खेळण्यातले चपटे बटण-सेल असेल तर ते त्याच दिवशी, त्याच तासात काढायला हवे, कारण ओल्या त्वचेला लागून त्यातून वीज वाहते, अल्कली तयार होते आणि काही तासांतच नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडू शकते. अशा वेळी नाकात सलाइनचे थेंब घालू नयेत, त्याने नुकसान वाढते. सेल अन्ननलिकेत अडकले असेल तर दोन तासांतही गंभीर जखम होते. एक्स-रेमध्ये ते नाण्यासारखे दिसते, पण कडेला दुहेरी वर्तुळ असते. तो फोटो पाहून “नाणे आहे, शौचावाटे पडेल” असे सांगून घरी पाठवलेले मूल मी पाहिले आहे. मूल एक वर्षावरचे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र मधासाठी गाडी थांबवायची नाही.

सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांबद्दल तर आता अज्ञानाची सबबही उरलेली नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुले विषारी खोकल्याच्या औषधाने आजारी होऊन नागपुरात उपचारांना आली आणि त्यांतली कितीतरी दगावली, तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधे देऊच नयेत, हे केंद्राला पुन्हा सांगावे लागले. आदेश निघतो, वर्तमानपत्रात येतो आणि दवाखान्यातला हात जुन्याच बाटलीकडे जातो. आदेशाने सवय मोडत नाही, शेजारी बसून कुणी तरी पर्याय दाखवला तर मोडते.

टॉन्सिलबद्दल उलट दिशेची तक्रार आहे आणि ती माझ्याच शाखेबद्दल आहे. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे प्रत्येकी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे प्रत्येकी तीन वेळा घशाचा खरा जंतुसंसर्ग झाला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा निकष कित्येक वर्षे उपलब्ध आहे. तो लावायचा तर प्रत्येक वेळची नोंद हवी, आणि ती पहिल्या डॉक्टरकडेच असू शकते. त्याने नोंद ठेवली नाही की तज्ज्ञ आईच्या आठवणीवर निर्णय घेतो. रात्री घोरणारे, तोंड उघडे टाकून झोपणारे, मध्येच श्वास अडकून दचकणारे आणि सकाळी चिडचिडे उठणारे मूल मात्र टॉन्सिल किती वेळा सुजले हे न मोजता पाठवायला हवे. तिथे प्रश्न संसर्गाचा नसतो, झोपेतल्या श्वासाचा असतो.

माझी मागणी मोठी नाही. नूतनीकरणाच्या ३० गुणांपैकी किमान ४ गुण, सामान्य व्यवसाय करणाऱ्या आणि मुले तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी, प्रत्यक्ष रुग्णांवर दिलेल्या प्रशिक्षणाचे असावेत आणि ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मिळावेत. मेडिकल कौन्सिलने आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदांशी बोलून हे सत्र सामाईक करावे. कानाचा पडदा कोणत्याही परिषदेकडे नोंदलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्राथमिक पातळीवरील कान व श्रवण काळजीसाठी प्रशिक्षण पुस्तिका प्रसिद्ध केली आहे, तिचे सुबोध मराठी रूप करून घ्यावे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि वांद्र्याची वाचा व श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे दोघे मिळून ते करू शकतील. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. वार्षिक परिषदेचा एक दिवस कमी करून तो तालुक्यात घालवायला त्यांची हरकत नसावी. छोट्या सत्रांसाठी मान्यतेचे शुल्क माफ करावे आणि अर्ज एका पानाचा ठेवावा, म्हणजे आमच्यासारखे लोक पुन्हा तो टाळणार नाहीत.

आमच्या रुग्णालयात दुसऱ्या शनिवारी कानाचे बाह्यरुग्ण असतात आणि सरासरी तीस-पस्तीस मुले येतात. तीन ओटोस्कोप आहेत, एकाचा दिवा गेला आहे, तो या आठवड्यात बदलून घेते.

आपली,
एक कान-नाक-घसा तज्ज्ञ,
जि. सोलापूर